बंदूक कुणाच्या शब्दावर

१० सप्टेंबर १९४२. इस्लामपूरच्या मामलेदार कचेरीकडे निघालेल्या गर्दीत तुम्ही आहात. वाळवा तालुक्यातल्या गावोगावची माणसं आहेत. कुणी शेतातलं काम टाकून आलंय, कुणी शाळा सोडून. तुमच्या डोक्यावर पांढरी टोपी आहे, कामेरीच्या वेशीत कुणीतरी ती घातली. हातात काहीच नाही. काठीसुद्धा आणायची नाही, असा निरोप होता.

गर्दीत तासगावची गोष्ट फिरते आहे. आठवड्यापूर्वी, ३ सप्टेंबरला, तासगावच्या कचेरीवर असाच मोर्चा गेला. लोकांनी मामलेदाराला गांधी टोपी घालायला लावली, कचेरीवर तिरंगा चढवला आणि सगळे आपापल्या गावी परतले. सांगणाऱ्याचा ऊर भरून आलेला असतो. पण दुसरी गोष्टही फिरते आहे, ती दबक्या आवाजात. कालच वडूजला गोळीबार झाला. झेंडा घेऊन पुढे असलेले वडगावचे परशुराम घार्गे पडले, त्यांच्याबरोबर आणखीही पडले. दोन्ही गोष्टी ऐकूनही लोक चालत राहतात.

कचेरीसमोर बंदुका आडव्या होतात. पहिला बार हवेत असावा असं तुम्हाला वाटतं. मग पुढची रांग मागे रेटते आणि तुमच्या शेजारचा म्हातारा तुमच्या दंडाला धरून ओढतो. "पळा! गोळी हाय ती, गोळी!" किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातले इंजिनिअर पंड्या आणि कामेरीचे विष्णू बारपटे त्या दिवशी परत जात नाहीत. एक यंत्रांमधला शिकलेला माणूस, दुसरा खेड्यातला. एकाच कचेरीसमोर दोघं गेले.

रात्री तुम्ही एका मळ्यातल्या वस्तीवर आहात. कंदील बारीक केलाय. दहा-बारा तरुण बसलेत, काहींच्या अंगावर अजून दिवसभराचा चिखल आहे. प्रश्न एकच आहे आणि तो पुन्हापुन्हा येतो : काँग्रेसनं काय सांगितलंय?

सांगणार कोण? गांधीजी पुण्याला आगाखान पॅलेसात. नेहरू, पटेल, आझाद अहमदनगरच्या किल्ल्यात. जिल्ह्याचे पुढारी एक तर तुरुंगात, नाहीतर पोलीस त्यांच्या मागावर. ८ ऑगस्टला मुंबईत गवालिया टँकवर जो ठराव झाला, त्याचा शेवटचा भाग एका शाळामास्तराला आठवतो. सूचना देणारं कुणीच उरलं नाही, तर प्रत्येकानं स्वतःच स्वतःचा पुढारी व्हायचं. मात्र ठरलेल्या चौकटीत राहून. चौकट म्हणजे अहिंसा, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

"म्हंजी आता आमीच काँग्रेस?" एक पोरगा विचारतो. त्याला कुणी नाही म्हणत नाही.

या पोराच्या प्रश्नात पुढच्या साडेतीन वर्षांचं सगळं राजकारण आहे, असं मला वाटतं. पक्षानं आपलं नाव लोकांच्या हवाली केलं आणि दार बाहेरून लावलं गेलं. आता त्या नावानं जे होईल त्याचा धनी कोण, हे त्या रात्री कुणालाच ठाऊक नव्हतं.

तुम्ही आता १९४३ मध्ये आहात, कुंडलला. नकाशा समजून घ्या, कारण त्याशिवाय हे बंड कळत नाही. आजचा सांगली जिल्हा तेव्हा नव्हता. वाळवा, तासगाव, खानापूर, शिराळा हे तालुके इंग्रजांच्या सातारा जिल्ह्यात होते. मध्येमध्ये संस्थानांचे तुकडे विखुरलेले. सांगली पटवर्धनांची, मिरज पटवर्धनांच्याच दुसऱ्या घराण्याची, जत डफळ्यांचं आणि कुंडल औंधच्या पंतप्रतिनिधींचं. औंधच्या राजांनी १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्यानं रयतेला राज्यघटना देऊन टाकली होती. इंग्रजी हद्दीतले पोलीस एका शिवारात शोध घेत असले, की भूमिगत माणूस बांध ओलांडून संस्थानात जायचा. बांधाच्या अलीकडे फरारी आणि पलीकडे पाहुणा.

जमीनही तयार होती. या भागात सत्यशोधकांचे जलसे कुणी विसरलं नव्हतं. सावकार आणि भटशाही यांच्याविरुद्ध बोलायची सवय इथल्या कुणब्याला आधी लागली, काँग्रेस मागून आली. १९३० मध्ये शिराळ्याकडच्या बिळाशीत जंगल सत्याग्रह पेटला, त्याच साली येडेमच्छिंद्रचे नाना पाटील तलाठ्याची नोकरी सोडून चळवळीत उतरले. म्हणून इथे काँग्रेस म्हणजे मुंबईची कचेरी किंवा पुण्याची सभा नव्हे. नाना पाटलांचं भाषण ऐकायला चार कोस चालत गेलेल्या माणसाला वाटे, हा आपल्या बोलीत आपलंच गाऱ्हाणं सांगतोय. पक्षाचं नाव दिल्लीहून आलेलं, पण त्यातला राग इथलाच होता.

पहाटे कुंडलच्या डोंगराच्या अंगाला तुम्ही भूमिगतांच्या समांतर सरकारच्या, म्हणजे प्रतिसरकारच्या, तुफान सेनेची कवायत पाहता. पन्नासेक पोरं असतील. काही तालमीतली, मान बैलासारखी, काही काडीपहिलवान. हातात लाठ्या, दोघा-चौघांकडे बंदुका. प्रमुख आहेत जी. डी. बापू लाड, विशीतले. रामचंद्र लाड यांना सगळे कॅप्टन भाऊ म्हणतात. वाळव्याहून नागनाथ नायकवडी येऊन-जाऊन असतात, तेही याच वयाचे. येरवड्याच्या तुरुंगातून निसटून आलेले किसन वीर वाईकडचे. ही माणसं एकाच हुकमाखाली नाहीत, हे तुमच्या लगेच लक्षात येतं. प्रत्येक भागाचा गट वेगळा, गटाचा प्रमुख वेगळा. गट एकमेकांना विचारतात, कधी भांडतात, वरच्या माणसाची वाट पाहत बसत नाहीत. समाजवादी पुढारी अच्युतराव पटवर्धन भूमिगत राहून इकडे येतात, सल्ला देतात. त्यांचा सल्ला मानाचा, पण शेवटचा शब्द गटाचा.

तुम्हाला विचारावंसं वाटतं, मग या पोरांवर वचक कुणाचा? उत्तर दुपारी मिळतं, एका वस्तीवर जेवताना. घरधनीण ज्वारीच्या भाकऱ्या थापते आहे, ताटात खर्डा आणि पातळ कालवण. सरकारच्या लेव्हीनं धान्य नेलंय, रॉकेल मिळत नाही, कापड काळ्याबाजारात. तरी ती सहा जणांना वाढते आणि वाढतावाढता बोलते. परवा कुठल्यातरी गावात एका कार्यकर्त्यानं सावकाराकडून आणलेले पैसे स्वतःजवळ ठेवले म्हणे. "तसलं कराय लागलासा तर पुन्यांदा हितं येऊ नगासा. भाकरी मिळायची न्हाई." पोरं मान खाली घालून जेवतात. ज्यांच्या मागावर फौजदाराची पार्टी आहे, ती पोरं या बाईला घाबरतात. पक्ष तुरुंगात असताना बंदुकीवरचा लगाम हिच्या हातात होता. तिच्यासारख्या शेकडो घरांनी एका दिवसात दार लावलं असतं, तर प्रतिसरकार आठवडाभरही टिकलं नसतं, आणि हे भूमिगतांना पुरतं ठाऊक होतं.

संध्याकाळी एका देवळाच्या आवारात न्यायदान मंडळ बसतं. ही बैठक नीट पाहा. पंच गावानं निवडलेले. तुफान सेनेची दोन पोरं बंदुका घेऊन बाहेरच्या बाजूला उभी, आत कुणी शस्त्र आणत नाही. पहिलं प्रकरण गहाण जमिनीचं. एका विधवेच्या नवऱ्यानं काढलेलं कर्ज, व्याजाचं व्याज चढून जमीन सावकाराच्या घशात. सरकारी कोर्टात जायचं तर तालुक्याला खेटे, वकील, स्टँप. इथे दोन्ही बाजू ऐकल्या जातात, कागद वाचला जातो, किती फिटलं किती राहिलं याचा हिशेब सगळ्यांसमोर होतो. उजाडायच्या आत जमीन परत करण्याचा निवाडा होतो आणि सावकार अंगठा देतो. दुसरं प्रकरण बांधावरच्या भांडणाचं, तिसरं सोडून दिलेल्या बायकोचं. सोडून दिलेल्या बाईला नांदवायला हवं किंवा पोटगी हवी, यावर पंचांत एक म्हातारा अडून बसतो आणि बराच वेळ घेतो. एरवी कुणी तिचं ऐकून घेतलं असतं?

चौथं प्रकरण तुम्हाला झोपू देत नाही. एक माणूस हात बांधून आणलाय. त्यानं पोलिसांना बातमी दिली आणि त्या बातमीवर दोन घरं लुटली गेली, असा आरोप. तो नाकारतो, मग रडतो, मग कबूल करतो. प्रतिसरकारवाले माणसाच्या पायांना पत्रे ठोकतात अशी आवई साऱ्या मुलखात उठली आहे. इथे पत्रा नाही. त्याला पालथं पाडतात, पाय बांधतात आणि तळव्यांवर काठीचे फटके मोजून मारतात. आवाज देवळाच्या भिंतीवर आदळतो. तुमच्या शेजारचा पोरगा फटके मोजतोय आणि मोजतामोजता त्याचा आवाज बारीक होतो. ज्याच्या नावानं तो टोपी घालतो, त्या माणसाला हे चाललं असतं का, हा प्रश्न त्याच्याही मनात आहे. मलाही हा प्रश्न टाळता येत नाही. माझं मत असं आहे : त्या काळात त्या मुलखात दरोडेखोरांच्या टोळ्या मोकाट सुटल्या होत्या, सरकारचं राज्य उरलं नव्हतं, आणि प्रतिसरकारनं त्या टोळ्या मोडल्या म्हणून खेडी तरली. पण फटक्यांत चूक होऊ शकते, आणि चुकीचा फटका परत घेता येत नाही. पंचांपुढे बाजू मांडायची सोय होती, अपिलाची नव्हती. ही चळवळ माझ्या मुलखाचा अभिमान आहे, म्हणूनच हे लपवून ठेवणं मला पटत नाही.

पुढच्या काही तारखा भराभर जातात. ७ जून १९४३, शेणोली. पुणे-मिरज मीटरगेज गाडी रुळावर रचलेल्या दगडांमुळे थांबते. कॅप्टन भाऊ आणि बापू यांची माणसं गाडीतला सरकारी पगाराचा पैसा उतरवून घेतात.

२४ जुलै १९४३, शनिवार, भर दुपार. तुम्ही सांगलीत आहात, गणेशदुर्गात. खंदकानं वेढलेला किल्ला. आत संस्थानचा राजवाडा, कचेऱ्या आणि तुरुंग. हा इंग्रजांचा नव्हे, पटवर्धनांच्या दरबाराचा तुरुंग, पण आत आहेत इंग्रजांविरुद्ध उठलेले. त्यांत पदमाळ्याचे वसंतदादा पाटील. पहारेकऱ्यांच्या बंदुका हिसकावल्या जातात, कैदी तटावर चढतात, तटावरून खंदकात उड्या. तुम्ही उडी मारता तेव्हा पाण्याला चिखलाचा वास आहे. मागे शिट्ट्या, धावपळ. पावसाळ्याचे दिवस, कृष्णा दोन्ही काठ भरून चाललेली. नदीच्या दिशेनं जो तो पळतोय आणि मागून गोळ्या येताहेत. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव या दोघांचा गोळ्या लागून अंत होतो. वसंतदादांच्या खांद्यात गोळी घुसते आणि ते पकडले जातात. सांगलीत या घटनेचं नाव काढलं की आजही बोलणाऱ्याचा हात आपोआप नदीकडे जातो.

शस्त्रांची वाट गोव्यावरून होती. पोर्तुगीज हद्दीतून हत्यारं आणायची, तर पकडलं जाण्याची भीती दोन सरकारांकडून. नाना पाटलांची लेक हौसाताई ऐन तारुण्यात या कामावर जाते. गोव्यात पकडल्या गेलेल्या एका साथीदाराला सोडवण्यासाठीची ती कामगिरी होती, आणि परतताना मांडवी नदी एका लाकडी पेटीच्या आधारानं पार करावी लागली. ही बाई कुठल्या पक्षाची सभासद होती, हा प्रश्न तेव्हा कुणी विचारला नाही. १४ एप्रिल १९४४ ला बापू आणि नागनाथ अण्णा पार खानदेशात जातात, धुळ्याकडच्या उत्तमराव पाटलांच्या साथीदारांबरोबर चिमठाण्याजवळ सरकारी खजिना अडवतात. साडेपाच लाखांच्या घरातली रक्कम. एवढा पैसा हाती आल्यावर फाटाफूट होऊन टोळी बनणं सोपं होतं. या मुलखात ते घडलं नाही, आणि त्याचं श्रेय मी पुन्हा त्या भाकरी देणाऱ्या घरांना देईन.

ऑगस्ट १९४४. या थांब्यावर जरा जास्त वेळ राहा. मे महिन्यात गांधीजी सुटले आहेत. जुलैच्या अखेरीस त्यांनी भूमिगतांना जाहीर सल्ला दिलाय : लपून राहणं हे सत्याग्रहात बसत नाही, उघड व्हा आणि स्वतःहून पोलिसांच्या स्वाधीन व्हा. वर्तमानपत्राचा तो अंक चुरगळलेल्या अवस्थेत तुमच्यापर्यंत येतो. उसाच्या फडाला लागून असलेल्या खोपीत माणसं जमली आहेत. बाहेर पाऊस. नागनाथ अण्णा नुकतेच वाळव्यात पकडले गेलेत, त्यांची जागा रिकामी आहे.

एक मध्यमवयीन कार्यकर्ता अंक मोठ्यानं वाचतो आणि घडी घालून मांडीवर ठेवतो. बराच वेळ कुणी बोलत नाही.

"म्हाताऱ्यानं सांगितलंय म्हंजी संपलं," एक जण म्हणतो. "त्येच्याच नावानं घर सोडलंय मी."

"आन् माझ्या घराला टाळं लावलंय त्येचं काय? जिमीन जप्त झालीया. उद्या हजर झालो तर ज्येंनी आमास्नी लपीवलं त्येंच्या दारात फौजदार जाईल. त्येंचं नाव कोण सांभाळणार?"

"मग गांधीचं ऐकायचं न्हाई?"

"ऐकायचं. पण बापूजी तिकडं हायती आन् गोळी हिकडं सुटतीया."

तुम्ही दोघांच्याही तोंडाकडे पाहता. पहिल्याचं खरं आहे : ज्या नावावर तुम्ही लोकांकडून धान्य घेता, निवाडे करता, फटके देता, ते नाव देणाऱ्यानं थांबा म्हटलं, तर पुढे चालायचा अधिकार कुठून आणायचा? दुसऱ्याचंही खरं आहे : सल्ला देणारा माणूस कितीही थोर असला तरी त्या मळ्यातल्या बाईच्या दारात फौजदार गेला, तर तो तिथे नसणार. राष्ट्रीय चळवळीत पक्ष आणि शस्त्र धरलेली माणसं यांच्यात जी दरी पडते ती नेहमी इथूनच पडते. पक्ष साऱ्या देशाकडे पाहतो, उद्याच्या वाटाघाटींकडे पाहतो. हत्यार धरलेल्याला आज रात्री कुणाच्या घरी झोपायचं ते पाहावं लागतं.

काही जण हजर होतात, त्यांना कुणी गद्दार म्हणत नाही. बहुतेक राहतात. नाना पाटील भूमिगतच राहतात. आणि १० सप्टेंबर १९४४ ला, इस्लामपूरच्या गोळीबाराला बरोबर दोन वर्षं होतात त्या दिवशी, नागनाथ अण्णा साताऱ्याचा तुरुंग फोडून बाहेर येतात. त्या खोपीतल्या वादाला एवढं सडेतोड उत्तर दुसरं कुठलं मिळणार होतं?

तरीही या भूमिगतांनी काँग्रेसचं नाव सोडलं नाही. पांढरी टोपी डोक्यावर राहिली, गांधी पद्धतीची लग्नं लावली गेली : हुंडा नाही, वाजंत्री नाही, पंगतींचा खर्च नाही. दारूबंदी होती, वाचनालयं होती. गांधींचा विधायक कार्यक्रम एका हातात आणि बंदूक दुसऱ्या हातात. हे दोन्ही एकत्र नांदू शकत नाही असं पुस्तकात वाचायला मिळतं, कुंडलच्या परिसरात ते काही वर्षं नांदलं.

इथे सातासमुद्रापलीकडे आधी घडून गेलेली एक गोष्ट ध्यानात ठेवा. आयर्लंडमध्ये १९१९ मध्ये शिन फेन पक्षानं डब्लिनला स्वतःची संसद भरवली, गावोगाव स्वतःची न्यायालयं चालवली आणि स्वयंसेवकांची सशस्त्र फौज त्या संसदेशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेऊन लढली. शपथ होती, संसद होती, पक्ष होता. तरी १९२१ च्या तहावरून फौज दुभंगली आणि काल खांद्याला खांदा लावून लढलेले १९२२-२३ मध्ये एकमेकांवर गोळ्या झाडू लागले. साताऱ्यात शपथ नव्हती, संसद नव्हती, पक्षाचा हुकूम तर उलटाच होता. इथे भाऊबंदकीचं रक्त सांडायला कारणं कमी नव्हती. मग ते का सांडलं नाही, हे १९४६ मध्ये जाऊनच पाहावं लागतं.

डिसेंबर १९४५ मध्ये कलकत्त्याला काँग्रेस कार्यकारिणीनं ठराव केला : अहिंसेत सरकारी मालमत्ता जाळणं, तारा तोडणं, गाड्या रुळांवरून घसरवणं, धाकदपटशा करणं बसत नाही. शेणोलीच्या रुळावर दगड रचणाऱ्यांनी हा ठराव वाचला तेव्हा त्यांना काय वाटलं असेल, याचा विचार करा. निवडणुका तोंडावर होत्या. पक्षाला देशाला सांगायचं होतं की आम्ही बदललो नाही. ठरावात सातारा हे नाव नव्हतं, पण वार कुणाला लागायचा त्याला लागला.

आणि पोलीस थांबले नव्हते. २५ फेब्रुवारी १९४६. शिराळ्याच्या डोंगराळ पट्ट्यात मणदूरजवळ तुम्ही आहात. झाडी, ओढा, चढ. नागनाथ अण्णांबरोबर वाळव्याचे किसन अहिर आणि आझाद हिंद सेनेतून आलेले, पोरांना शिकवणारे नानकसिंग. पोलिसांशी चकमक होते आणि हे दोघं पडतात. एक पंजाबी, एक वारणा-कृष्णेच्या दुआबातला. देश स्वतंत्र होणार हे तोवर सगळ्यांना कळून चुकलं होतं. मुंबईत नौसैनिकांचं बंड नुकतंच होऊन गेलं होतं. इतक्या उंबरठ्यावर जाणारा जीव मला इतर सगळ्या मरणांपेक्षा जास्त अस्वस्थ करतो.

१९४६ च्या निवडणुकांनंतर मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेरांचं काँग्रेस मंत्रिमंडळ आलं. गृहखातं मोरारजी देसाईंकडे, अहिंसेच्या बाबतीत कडक माणूस. त्यांचे संसदीय सचिव कोण? साताऱ्याच्या बेचाळीसमध्ये स्वतः भूमिगत राहिलेले यशवंतराव चव्हाण. ज्या खात्यानं वॉरंटं काढली त्याच खात्यात आता वॉरंटांमागच्या माणसांना नावानिशी ओळखणारा एक जण बसला. वॉरंटं मागे घेतली गेली. नाना पाटील उघडपणे लोकांसमोर आले.

तुम्ही त्या दिवसांत गावोगाव फिरलात तर एकच चित्र दिसतं. पंचांच्या बैठका बंद होताहेत, प्रकरणं पुन्हा तालुक्याच्या कोर्टात जाताहेत. काही हत्यारं जमा झाली, काही जमिनीत पुरली गेली. दोन वर्षांनी हैदराबादेत रझाकारांविरुद्ध लढा पेटला, तेव्हा बापू आणि नागनाथ अण्णा सरहद्दीवर मदतीला उभे राहिले. पण आपल्या पक्षाच्या सरकारवर कुणी बंदूक रोखली नाही. दबावामुळे नव्हे, एवढं मी खात्रीनं म्हणेन. मोरारजींच्या पोलिसांना ते आणखी दोन वर्षं झुलवू शकले असते. पण ज्या पंचांच्या आणि ज्या घरांच्या संमतीवर ते जगले, त्यांना आता निवडून आलेलं सरकार हवं होतं. लोकांनी हात काढून घेतल्यावर बंदूक धरून बसण्याची या मंडळींना सवयच नव्हती.

रागही होता, तो गिळला गेला नाही. त्याला राजकारणात वाट मिळाली. जेधे आणि शंकरराव मोरे यांनी शेतकरी कामगार पक्ष काढला तेव्हा नाना पाटील तिकडे गेले, बापूही तिकडे. नानांचं पुढचं पाऊल कम्युनिस्ट पक्षात पडलं. वसंतदादा, किसन वीर, यशवंतराव काँग्रेसमध्ये राहिले. एकाच खोपीत एका घोंगडीवर झोपलेली माणसं आता वेगवेगळ्या निशाणांखाली सभा घेऊ लागली. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला, १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. जिल्ह्याची वाटणी झाली तशी आठवणींचीही झाली. वाळव्यात किसन अहिरांच्या नावानं साखर कारखाना उभा आहे, कुंडलला बापूंच्या. वसंतदादांचं नाव सांगलीत कुठे नाही, हेच शोधावं लागेल. प्रत्येक पक्षानं आपापले क्रांतिकारक वाटून घेतले. ही वाटणी मला मान्य नाही, कारण ज्या घरात ही सगळी माणसं जेवली त्या घरानं वाढताना पक्ष विचारला नव्हता.

१९५७. संयुक्त महाराष्ट्राची लाट. साताऱ्यातून लोकसभेला नाना पाटील उभे आहेत, संयुक्त महाराष्ट्र समितीच्या बाजूनं, काँग्रेसविरुद्ध. तिकडे कराडला मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण विधानसभेची जागा थोडक्यात राखतात. नाना जिंकतात. फेटा बांधलेला हा माणूस दिल्लीला जातो, ज्याच्या शोधात पंधरा वर्षांपूर्वी पोलिसांनी जिल्हा पालथा घातला होता.

शेवटचा थांबा १९६७, दिल्ली. लोकसभेच्या प्रेक्षक सज्जात तुम्हाला जागा मिळाली आहे. या वेळी साताऱ्यातून निवडून आलेत यशवंतराव, तीच जागा जी दहा वर्षांपूर्वी नानांकडे होती. ते देशाचे गृहमंत्री आहेत. सारे पोलीस, सारी गुप्तवार्ता, साऱ्या वॉरंटांचं खातं त्यांच्या टेबलावर. समोर विरोधी बाकांवर बीडमधून कम्युनिस्ट पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेले नाना पाटील. बंगालमध्ये याच वर्षी नक्षलबारी पेटली आहे आणि शस्त्र उचललेल्या पोरांचं काय करायचं, हा प्रश्न देशाच्या गृहमंत्र्यासमोर पुन्हा आला आहे. सज्जातल्या बाकीच्या लोकांना या दोघांची जुनी ओळख माहीत नाही. तुम्हाला आहे, आणि तुम्ही दोघांच्याही चेहऱ्यांकडे आळीपाळीनं पाहत राहता.